उजवीकडून डावीकडे

निजामाच्या राज्यातला शिकलेला मराठी माणूस दोन दिशांनी लिहीत असे. घरी पत्र लिहिताना त्याची लेखणी डावीकडून उजवीकडे चाले आणि कचेरीत अर्ज लिहिताना उजवीकडून डावीकडे. पत्र मोडीत किंवा बाळबोधीत, अर्ज उर्दूत. यात त्याला स्वतःला काही विशेष वाटत नसे. एका हाताने जेवावे आणि दुसऱ्याने तांब्या धरावा, इतके ते सहज होते. आज त्याच्या पणतवंडांच्या हातात मोबाईल आहे, शाळेत संगणक आहे. परंतु पणजोबांच्या हातची एक ओळ घरात कोणाला लावता येत नाही. हे कसे घडले आणि ते भरून काढण्याची साधने आज कोठून हाती आली आहेत, याचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे. त्यासाठी हैदराबादेहून निघून मुंबई-पुण्याच्या बेने इस्रायली घरांत आणि तेथून थेट संगणकावरील हिब्रूपर्यंत जावे लागेल. वाट वळणाची आहे खरी, पण ती शेवटी आपल्याच माजघरातल्या पेटीपाशी येते.

दरबारची लिपी

हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा बोलणारी प्रजा नांदत होती. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. पुढे १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले आणि लवकरच तेथे अध्यापन सुरू झाले. विज्ञान, कायदा, वैद्यक असे उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठाच प्रयोग होता. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ या नावाचे भाषांतर खाते उभारले गेले आणि इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे तेथून बाहेर पडू लागली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठी मुलाला मराठीतून शिकण्याची सोय अपुरी होती. म्हणून तर १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीसारखी संस्था उभी राहिली आणि केशवराव कोरटकरांसारख्या माणसांनी मराठी शिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले. उर्दू ही आपल्या आजोबा-पणजोबांनी हौसेने निवडलेली भाषा नव्हती. ती पोटाची आणि कचेरीची भाषा होती. तरीही त्यांनी ती अशी आत्मसात केली की तिच्यातून सेतुमाधवराव पगडींसारखे पंडित निर्माण झाले. १९१० मध्ये निलंग्यात जन्मलेले पगडी निजामाच्या नोकरीत वाढले. त्यांनी फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला, उर्दू काव्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली आणि वर गोंडी-कोलामीचाही अभ्यास केला. लादलेल्या भाषेचेही सोने करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याची तीन शकले तीन राज्यांत गेली: मराठवाडा मुंबई राज्यात, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्रात. माणसे वाटली गेली, तसे कागदही वाटले गेले. देगलूर-बिलोलीचा माणूस मराठी शिकला, भालकी-औरादचा कन्नड, निजामाबाद-आदिलाबादचा तेलुगू. उर्दू कचेरीतून उठली. मोडी तर त्याच सुमारास शाळा आणि दप्तर दोन्हींतून गेली. एका पिढीच्या आत दोन लिप्या घरातून निघून गेल्या. कागद मात्र घरातच राहिले.

पेटीतले कागद

आपल्या भागात जुने घर म्हटले की माळवदाखाली एक लोखंडी पेटी असतेच, आणि तिच्या तळाशी कापडात बांधलेले कागद असतात. सनद, मुंतखब, विहिरीच्या पाळीचा करार, सोयरिकीची पत्रे. एकदा तालुक्याच्या गावी एक शेतकरी असाच एक कागद घेऊन शाळेत आले. म्हणाले, “सर, आमच्या आज्याची कागदं हैत ही. उर्दू म्हंत्यात. काय लिवलंय तेवढं सांगा की.” मी म्हटले, “दादा, हे मला येत नाही. चला, उर्दू शाळेच्या सरांकडे जाऊ.” त्या सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “छापील असतं तर घडाघडा वाचलं असतं. हे शिकस्ता आहे, कचेरीतलं मोडकं अक्षर. हे वाचणारे आता बोटावर मोजण्याइतके राहिले.” ते दादा कागद पुन्हा फडक्यात गुंडाळून घेऊन गेले.

ही गोष्ट एकट्या त्यांची नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी दप्तरे उघडावी लागली. हैदराबादेतील कागदही पाहावे लागले. त्यामागच्या आरक्षणाच्या वादात येथे शिरावयाचे नाही. एवढेच लक्षात घ्यावयाचे की, लाखो लोकांच्या हक्काचा प्रश्न वाचता न येणाऱ्या दोन लिप्यांपाशी येऊन थांबला आणि सरकारलाही आधी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. लिपी विसरणे म्हणजे केवळ हळहळण्याची बाब नव्हे. त्यात जमीन, पाणी आणि ओळख गुंतलेली असते.

मराठी आणि हिब्रू

उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिपीशी मराठीचा संसार केवळ हैदराबादेतच झाला असे नाही. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, घरात मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करीत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ चे. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. त्यानंतर १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात ‘हग्गादा’ हा वल्हांडणाच्या सणाचा ग्रंथ हिब्रू मूळ आणि मराठी अर्थ यांसह शिळाप्रेसवर छापला गेला. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत तर स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत.

या परंपरेत एका शिक्षकाचे नाव मला विशेष जवळचे वाटते. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा सांभाळून त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. ज्या समाजाला आपली प्रार्थना पाठ होती पण तिचा अर्थ ठाऊक नव्हता, त्याला त्यांनी अर्थ मिळवून दिला. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे लोद, अशदोद, बेरशेबा, दिमोना या गावांत मराठी टिकून राहिली आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. अशा घरातील नातवाला आजीचे मराठी पत्र आणि शाळेचा हिब्रू निबंध एकाच यंत्रावर लिहावयाचा असेल, तर त्याची अडचण आणि आपल्या हैदराबादी घराची अडचण एकच ठरते.

यंत्राची अडचण

ही अडचण काय होती, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. शिळाप्रेसवर कातिब जे लिहील ते छापले जाई. दगडाला दिशा नसते. संगणकाला मात्र प्रत्येक अक्षर एका क्रमाने साठवावे लागते आणि तो क्रम पहिल्यापासून इंग्रजीच्या चालीने ठरलेला. हिब्रू किंवा उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते. पण तिच्यात आकडा आला की तो आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा असतो. ‘१९४८ साली’ हे उर्दूत लिहिताना शब्द एका दिशेने आणि आकडा दुसऱ्या दिशेने धावतो. मध्ये मराठी शब्द आला की तोही उलटा. कातिबाच्या बोटांना हे ठाऊक होते, यंत्राला नव्हते.

सुरुवातीला लोकांनी सोपी युक्ती काढली. अक्षरे उलट्या क्रमाने साठवायची, म्हणजे पडद्यावर सरळ दिसतील. पण ओळ लांबून दोन ओळींत मोडली की वाक्याचे शेपूट वर आणि तोंड खाली जाई. शोध घ्यावा तर शब्द सापडत नसे. शेवटी योग्य मार्ग सापडला: अक्षरे ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने साठवायची आणि दाखवताना यंत्राने दिशा ठरवायची. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. या व्यवस्थेत प्रत्येक अक्षराला जसा क्रमांक दिला गेला, तसा दिशेचा गुणही लावून दिला गेला. हिब्रू अक्षर ठामपणे उजवीकडून, देवनागरी अक्षर ठामपणे डावीकडून. आकडे आणि विरामचिन्हे मात्र शेजाऱ्याचे पाहून वागणारी. कंस तर दिशेप्रमाणे आपले तोंडच फिरवतात.

वापरणाऱ्यांनी घडवलेली साधने

नियम कागदावर आला, तरी तो यंत्रात उतरवणार कोण? हिब्रू बोलणारे मोजके, त्यात मुक्त संगणकप्रणाली वापरणारे त्याहून मोजके. बाजाराचा हिशेब केला तर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. येथे मुक्त प्रणालीची कल्पना कामास आली. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चे बीज पेरले. या प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो; ज्याला गरज आहे त्याने तो वाचावा, दुरुस्त करावा आणि दुरुस्ती इतरांना द्यावी.

हिब्रू लोकांनी तेच केले. १९९९ मध्ये डोव्ह ग्रोबगेल्ड यांनी दुहेरी दिशेचा नियम पाळणारी ‘फ्रीबिडी’ ही मुक्त आज्ञावली सुरू केली. पुढे तिचे काम बेहदाद इस्फाहबोद या इराणात जन्मलेल्या तरुणाने नेटाने चालवले. कोणी हिब्रूसाठी शुद्धलेखन तपासणारी शब्दयादी केली, कोणी ‘कुल्मुस’ नावाची हिब्रू अक्षरांची मालिका घडवली. कुल्मुस म्हणजे लेखणी. हा शब्द ग्रीक ‘कालामोस’वरून हिब्रूत आला आणि अरबीतला ‘कलम’ही त्याच कुळातला मानतात. राजकारणात ज्यांचे देश एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, त्यांच्या माणसांनी एकाच आज्ञावलीवर आळीपाळीने हात फिरवला. हैदराबादेत कोणी लिनक्सवर उर्दू लिहितो, तेव्हा त्या लेखनामागे हाच दुहेरी दिशेचा नियम काम करीत असतो.

उर्दूची अडचण हिब्रूहून मोठी होती. हिब्रूत अक्षरे बावीस. ती सुटी-सुटी उभी राहतात आणि पाचांना तेवढे शब्दान्ती वेगळे रूप असते, त्यासाठी वेगळ्या कळा असतात. उर्दूत अक्षर शेजाऱ्याला पाहून रूप बदलते आणि नस्तालिक वळणात ओळ उताराने खाली येते. म्हणून उर्दू वृत्तपत्रे कातिबांच्या हातून दीर्घकाळ लिहिली गेली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालिक आले आणि यंत्रावर उर्दू सुबक दिसू लागली. पण ती विकतची आणि बंद व्यवस्था होती. मुक्त नस्तालिक पुढे लाहोरच्या भाषासंशोधकांनी ‘नफीस’ या नावाने दिले आणि नंतर ‘नोटो’ मालिकेतही ते आले. आपल्या मराठीचा अनुभवही निराळा नाही. नव्वदीतले दिवाळी अंक ज्या बंद फाँटांत जुळवले गेले, त्यांच्या फायली आज उघडल्या तर किडेमुंग्या दिसतात. छापलेला अंक राहिला, संगणकातला गेला.

घरातली वायफायची पेटी

या सगळ्याचा घरातल्या इंटरनेटशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. वायफाय पसरवणारी जी लहानशी पेटी, राऊटर, आपल्या ओसरीवर लुकलुकत असते, तिच्या पोटात पुष्कळदा लिनक्सच असते. २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या एका राऊटरमध्ये लिनक्स वापरल्याचे जाणकारांनी ओळखले. परवान्याची अटच अशी की वापरून ते इतरांना दिले तर बदललेला मजकूर खुला करावा. कंपनीला तो खुला करावा लागला आणि त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. ज्या तत्त्वाने हिब्रूची ओळ सरळ झाली, त्याच तत्त्वाने घरातली पेटीही दुरुस्त करण्याजोगी झाली.

पेटी रुसली तर आधी दोष बाहेरचा की आतला ते पाहावे. तारेने संगणक जोडून इंटरनेट चालत असेल, तर दोष फक्त वायफायचा. आपल्याकडील दगडी वाड्यांच्या दोन-दोन हात भिंती लहरी अडवतात. तेव्हा पेटी कोनाड्यात न ठेवता मध्यावर, उंचावर ठेवावी. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे हात टेकते. अडीचच्या आतली, म्हणजे २.४ ची, हळू असली तरी पलीकडे पोचते. पेटी दोन मिनिटे बंद करून पुन्हा लावावी, तिचा मूळ संकेतशब्द बदलावा. इतक्यावर बहुतेक दुखणी बरी होतात.

आणि लेखनाचे? लिनक्सच्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या जागी जाऊन मराठी, उर्दू, हिब्रू असे हवे ते कळफलक जोडता येतात. उबुंटूत विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकत्र दाबली की एकावरून दुसऱ्यावर जाता येते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट, उर्दूसाठी उच्चारानुसारी फलक सोपा. हिब्रू फलकावर आलेफ हे अक्षर इंग्रजी टी च्या कळीवर आहे, एवढे कळले की बाकीचे हाताला बसते. पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसला, तर अक्षरे पुसत बसू नये. परिच्छेदाची दिशा उजवीकडून करावी, तो जागेवर येतो. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले तर मजकूर बिघडलेला नसतो, फक्त त्या लिपीचा फाँट नसतो.

उरलेले काम

२०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. २०१८ मध्ये सियाक अंकही आले. जुन्या दप्तरांत रकमा ज्या आकडी खुणांनी लिहिल्या जात, तेच हे अंक. तेलंगणात २०१७ मध्ये उर्दूला सर्व राज्यात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला. हैदराबादेत १९९८ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे आणि त्याच शहरात ‘स्वेच्छा’ या संस्थेने तेलुगूसाठी मुक्त प्रणालीचे काम केले आहे. म्हणजे यंत्राने आपल्या वाट्याचे बरेचसे काम केले. फर्मानाने आलेली लिपी फर्मानाबरोबर गेली. बंद पेटीतले फाँट दुकानाबरोबर गेले. टिकले ते वापरणाऱ्यांनी स्वतः हात लावून घडवलेले.

आता उरले आहे ते माणसाचे काम. या दिवाळीच्या सुट्टीत मुलेबाळे घरी येतील, तेव्हा ती पेटी उघडावी. कागद उन्हात न धरता सावलीत उजेडाला ठेवून प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे. पाठपोट दोन्ही घ्यावे, कारण शिक्के आणि तारखा पुष्कळदा मागे असतात. तारीख फसली सनात असेल तर तीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. गावातल्या उर्दू शाळेच्या सरांना फराळाला बोलवावे, मोडी जाणणारे कोणी असतील तर त्यांनाही. ते वाचतील तसे घरातल्या मुलीने वा मुलाने एका बाजूस उर्दू किंवा मोडी आणि दुसऱ्या बाजूस मराठी असे टंकून घ्यावे. जो शब्द लागत नाही तेथे अंदाज न ठोकता जागा कोरी सोडावी. पुढचा वाचणारा ती भरील. राजपूरकर मास्तरांनी आपल्या समाजासाठी जे आयुष्यभर केले, त्यातले पानभर जरी प्रत्येक घराने केले, तरी सीमेच्या तिन्ही बाजूंना विखुरलेले एक मोठे दप्तर पुन्हा वाचते होईल.

शिकस्ता वाचणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पेटीतले कागद अजून काही वर्षे थांबतील. ही माणसे थांबतीलच असे नाही.